मनगटी आरोग्यमापक : त्याचा उपयोग व त्याच्या मर्यादा

गेल्या दहाबारा वर्षांत लोकांच्या मनगटांवरील घड्याळाचें स्वरूप पार पालटून गेलें आहे. पूर्वीं तें केवळ वेळ दाखवीत असे. आतां आपण किती पावलें चाललों, हृदयाचे ठोके मिनिटास किती पडतात, रात्रीं झोंप किती लागली, इतकेंच नव्हे तर अंगांतील उष्मांक किती खर्च झाले, हेंही तें सांगूं लागलें आहे. या वस्तूस कोणी फिटनेस बँड म्हणतात, कोणी स्मार्टवॉच म्हणतात. आम्ही या लेखांत तिला 'मनगटी आरोग्यमापक' किंवा नुसतें 'मापक' म्हणूं. वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या हातांवर हीं यंत्रें दिसतात, आणि ज्यांच्या हातांवर तीं नाहींत त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत तीं असतात. तेव्हां हें यंत्र काय मोजतें व कसें मोजतें, त्याचें कोणतें सांगणें भरंवशाचें व कोणतें नव्हे, आणि त्याच्या साहाय्यानें प्रकृति सुधारावयाची तर मनुष्यानें स्वतः काय केलें पाहिजे, याचा थोडासा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शरीराचें मोजमाप करण्याची ही हौस नवी नव्हे. इटालींतील पादुआ येथील विद्यापीठांत वैद्यक शिकविणारा सांतोरिओ (१५६१–१६३६) हा तराजूस टांगलेल्या खुर्चींत बसून जेवीत असे, आणि खाल्लेलें अन्न, प्यालेलें पाणी व शरीराबाहेर पडलेला मल यांचें वजन करून ठेवीत असे. हा उद्योग त्यानें सुमारें तीस वर्षें चालविला व त्यांतून निघालेले सिद्धान्त १६१४ सालीं प्रसिद्ध केले. पुढें इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर या वैद्यानें नाडी मोजण्यासाठीं नेमकें एक मिनिट चालून थांबणारें घड्याळ मुद्दाम करवून घेतलें व त्याविषयीं १७०७ सालीं ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंतील मोंटाना प्रांतीं नॉर्मन होल्टर यानें चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची विद्युत्-नोंद घेणारें यंत्र बनविलें. परंतु तें पाठीवर बांधून न्यावें लागे, आणि त्याचें वजन बारा वर्षांच्या मुलाच्या वजनाइतकें भरे. आज मनगटावर सहज मावणाऱ्या वस्तूच्या मागें अशी ही शतकांची परंपरा उभी आहे. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या तिघांनींही मोजमाप केलें तें कांहीं प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं. केवळ आंकडे पाहत बसण्यासाठीं नव्हे.

आतां यंत्राची रचना पाहूं. पावलें मोजण्याचें काम ज्वारीच्या दाण्याहूनही लहान अशा एका भागाकडे असतें. त्यांत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म कमानींवर टांगलेला असतो. धांवती गाडी एकाएकीं थांबली म्हणजे आंत उभे असलेले उतारू जसे पुढें कलतात, तसा हात हलला कीं हा ठोकळा मागेंपुढें सरकतो, व त्या सरकण्यानें विजेच्या मापांत पडणारा फरक यंत्र टिपून घेतें. चालतांना हात ठराविक तालांत हलतो. तो ताल ओळखून यंत्र पावलांचा हिशेब करितें. म्हणजे खरें पाहतां तें पायांकडे बघतच नाहीं, हाताकडे बघतें! डोक्यावर हंडा घेऊन व त्यास हात लावून चालणाऱ्या बाईचीं कांहीं पावलें त्याच्या हिशेबांतून निसटतात; उलट चुलीपुढें बसून भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या नांवावर न चाललेलीं पावलें जमा होण्याचा संभव असतो. सायकल चालविणाराचा हात दांडीवर स्थिर असल्यामुळें त्याचे श्रमही पावलांच्या खात्यांत नीट उतरत नाहींत.

हृदयाचे ठोके मोजण्याची युक्ति निराळी आहे. मापक उलटा करून पाहिला तर त्याच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकतांना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. प्रत्येक ठोक्यासरशीं मनगटाच्या त्वचेखालील बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते. त्या क्षणीं अधिक प्रकाश शोषला जातो व परत येणारा प्रकाश किंचित् कमी होतो. लाट ओसरली कीं तो पुनः वाढतो. या चढउतारांची गणती म्हणजेच नाडीची गणती. पट्टा सैल असला, हात जोरानें हलत असला किंवा मनगटावर गडद गोंदण असलें, तर या गणतींत चूक होते. रक्तांतील ऑक्सिजनचें प्रमाण मोजण्यास तांबडा व दृष्टीस न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश लागतात. ही कल्पना जपानांतील ताकुओ आओयागी यानें १९७४ सालीं पुढें मांडली, आणि २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या सांथींत बोटास लावावयाच्या चिमट्याच्या रूपानें ती आपल्या घराघरांत शिरली. मात्र २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, रक्तांतील ऑक्सिजन धोक्याइतका उतरला असतांही बोटावरील यंत्रानें तो ठीक दाखविला, असे प्रसंग गौरवर्णीय रोग्यांपेक्षां कृष्णवर्णीय रोग्यांत जवळजवळ तिप्पट होते. कातडीचा रंग प्रकाशाच्या मापांत ढवळाढवळ करितो, ही गोष्ट आपणां सांवळ्या लोकांनीं तरी विसरूं नये.

मग मापकाचा कोणता आंकडा खरा मानावा? अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं सात निरनिराळ्या मनगटी यंत्रांची साठ व्यक्तींवर परीक्षा घेतली व तिचा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध केला. सातांपैकीं सहा यंत्रांनीं हृदयाचे ठोके शेंकडा पांचांहून कमी चुकीनें मोजले. परंतु खर्च झालेल्या उष्मांकांचा प्रश्न निघतांच सर्वांचीच त्रेधा उडाली. सर्वांत बऱ्या यंत्राची चूक सरासरीनें शेंकडा २७ होती, आणि सर्वांत वाईट यंत्राची शेंकडा ९३! याचें कारण उघड आहे. ठोक्यांची लाट यंत्राच्या दृष्टीसमोर असते. उष्मांक कांहीं त्याच्या दृष्टीस पडत नाहींत. आपलें वय, वजन, उंची व नाडी यांवरून तें त्यांचा अजमास बांधतें. झोंपेचीही तीच कथा. गाढ झोंप कोणती व स्वप्नावस्थेंतील झोंप कोणती, हें ठरविण्यास मस्तकाला तारा लावून मेंदूंतील विद्युत्-लहरी पाहाव्या लागतात. मनगटावरील यंत्र नुसत्या हालचालीवरून व नाडीवरून तर्क करितें. यावरून आमच्या विद्यार्थ्यांनीं एक साधा नियम ध्यानांत धरावा : मापक जें प्रत्यक्ष टिपतो ती साक्ष समजावी, आणि जें तो अनुमानानें सांगतो तो अंदाज समजावा. साक्षीवरून विचार करावा. अंदाजावरून बेत आंखूं नयेत. चारशें उष्मांक खर्च झाले असें मापकानें सांगितलें म्हणून त्या हिशेबानें बटाटेवडे खाणाराची फसगत झाल्याखेरीज राहणार नाहीं.

रोगाच्या बाबतींत तर ही सावधगिरी अधिकच पाहिजे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड, जीस डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ती पुष्कळदां मनुष्यास कळतही नाहीं, आणि तिच्यामुळें पक्षाघाताचें भय वाढतें. ॲपल कंपनीच्या घड्याळाच्या साहाय्यानें चार लाख एकोणीस हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या एका अभ्यासाचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नाडी अनियमित असल्याची सूचना मिळालेले लोक शेंकडा अर्ध्याच्या आसपास होते. त्यांपैकीं ज्यांनीं नंतर छातीवर पट्टी लावून हृदयाची नोंद करवून घेतली, त्यांतील शेंकडा ३४ जणांत ती विकृति त्या वेळीं आढळली. म्हणजे अशी सूचना हें निदान नव्हे. डॉक्टरांकडे जाण्याविषयींचा तो इशारा होय. तो कोणी धुडकावूं नये व त्यानें घाबरूनही जाऊं नये. याहून गंभीर गोष्ट रक्तांतील साखरेची. त्वचेस न टोंचतां साखर मोजतों असें म्हणविणारीं घड्याळें व अंगठ्या बाजारांत विकावयास येऊं लागल्यामुळें, अशा कोणत्याही वस्तूस आपण मान्यता दिलेली नाहीं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें दिला. आपल्याकडे मधुमेह ज्या घरांत नाहीं असें घर शोधावें लागतें. आजोबांच्या मनगटावरील असला खोटा आंकडा वाचून कोणीं इन्सुलिनची मात्रा कमीजास्त केली, तर तें त्यांच्या जिवावर बेतेल. घरांत इंग्रजी वाचणारा बहुधा शाळेंतील मुलगा किंवा मुलगीच असते, म्हणून ही गोष्ट आम्ही विशेष आग्रहानें सांगतों.

दररोज दहा हजार पावलें चाललेंच पाहिजे, असा एक दंडक या मापकांबरोबर सर्वत्र पसरला आहे. त्याचें मूळ पाहिलें तर मौज वाटते. १९६४ सालीं टोकियो येथें ऑलिंपिक सामने झाले, आणि दुसऱ्याच वर्षीं जपानांतील यामासा नांवाच्या कंपनीनें कमरेस लावावयाचें एक पाऊलमापक यंत्र विक्रीस काढलें. त्याचें नांव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचें माप'. हा आंकडा शास्त्राच्या तागडींत तोलून काढलेला नव्हता. तो लक्षांत राहण्यास सोपा व कानांस गोड होता इतकेंच. पुढें शास्त्रज्ञांनीं खरोखर तपास केला, तेव्हां निराळें चित्र दिसलें. अमेरिकेंतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांच्या, ज्यांचें सरासरी वय ७२ होतें, पावलांची नोंद घेणारा एक अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. रोज सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांपेक्षां ४,४०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१ नें कमी आढळलें. ७,५०० च्या पुढें मात्र अधिक लाभ दिसला नाहीं. प्रकृति बरी नसणारे लोक मुळांतच कमी चालतात, ही गोष्ट असले आंकडे वाचतांना जमेस धरली पाहिजे. २०२२ सालीं पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हां साठीपुढील लोकांस सहा ते आठ हजार, व त्याहून तरुणांस आठ ते दहा हजार पावलांपर्यंत लाभ वाढत गेलेला दिसला. तात्पर्य, दहा हजार न भरल्यास दिवस फुकट गेला असें मुळींच नाहीं. जो दोन हजारांवरून चार हजारांवर आला, त्यानें मोठी मजल मारली असें समजावें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. नुसता मापक बांधल्यानें मनुष्य धडधाकट होतो काय? या प्रश्नाचीं दोन उत्तरें मिळतात, व दोन्ही मिळून एक धडा शिकवितात. पाऊलमापकांविषयींचे सव्वीस अभ्यास एकत्र करून २००७ सालीं अमेरिकेंत एक आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र वापरणारांची हालचाल पूर्वींपेक्षां सुमारें शेंकडा २७ नें वाढली असें त्यांत दिसलें. पण ज्यांच्यापुढें पावलांचें कांहीं ठराविक ध्येय होतें, त्यांच्यांतच ही वाढ मुख्यतः दिसून आली. दुसरा प्रयोग पिट्सबर्ग विद्यापीठाचा. वजन उतरवूं इच्छिणाऱ्या ४७१ तरुण व्यक्तींस त्यांनीं दोन वर्षें आहारविहाराचें मार्गदर्शन केलें. सहा महिन्यांनंतर अर्ध्या लोकांस अंगावर बांधावयाचें मापक यंत्र दिलें; उरलेले अर्धे आपली दिनचर्या स्वतःच लिहून ठेवीत. २०१६ सालीं निकाल लागला तो असा : यंत्र बांधणारांचें वजन सरासरीनें ३·५ किलो उतरलें, आणि स्वतः नोंद ठेवणारांचें ५·९ किलो! यंत्र वाईट, असा याचा अर्थ नव्हे. नोंद करण्याचें काम दुसऱ्यावर सोंपविलें म्हणजे लक्ष ठेवण्याचें कामही त्याच्यावरच सोंपविण्याचा मोह मनुष्यास होतो, असा धडा आम्ही यांतून घेतों. हजेरीपटावर नांव पडल्यानें विद्या येत नाहीं. तसेंच पावलें मोजली गेल्यानें आरोग्य येत नाहीं.

आरोग्य येतें तें रोजच्या राबत्यांतून. लंडन शहरांतील दुमजली बसगाड्यांवर काम करणारांचा अभ्यास जेरेमी मॉरिस या डॉक्टरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां दिवसभर जिने चढउतार करून तिकिटें देणाऱ्या वाहकांस हृदयाचा विकार कमी होतो, असें त्यांत आढळलें. त्या वाहकांच्या हातीं कोणतेंही मापक नव्हतें. त्यांचें कामच त्यांचा व्यायाम होतें. आपल्या देशाची स्थिति काय आहे? महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील चौदा हजारांवर लोकांची पाहणी करून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासकांनीं २०१४ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, त्यांपैकीं शेंकडा ५४ हून अधिक लोक पुरेशी हालचाल करीत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं घालून दिलेलें प्रमाण असें आहे : प्रौढांनीं आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें. जो विद्यार्थी दोन-अडीच किलोमीटर चालत शाळेंत येतो व चालतच घरीं जातो, त्याचीं पावलें त्या जाण्यायेण्यांतच सात हजारांच्या आसपास भरतात. त्याच्या मनगटावर कांहीं नसेल. पण मापकानें जें घडवून आणावें अशी आपण अपेक्षा करितों, तें त्यानें अगोदरच केलेलें असतें. त्यानें स्वतःस कमी लेखण्याचें कांहीं एक कारण नाहीं.

यंत्राच्या नादाचे दोन धोके येथें सांगितले पाहिजेत. पहिला काळजीचा. आपली झोंप यंत्राच्या मापास उतरत नाहीं या विवंचनेनेंच झोंप उडालेले रोगी अमेरिकेंतील डॉक्टरांस भेटूं लागले, व २०१७ सालीं त्यांनीं या अवस्थेस 'ऑर्थोसोम्निया' असें नांव दिलें. सकाळीं उठून ताजेंतवानें वाटत असतांना, मापक वाईट म्हणतो म्हणून दिवसभर खिन्न होऊन बसणें हा निव्वळ वेडेपणा होय. दुसरा धोका खाजगीपणाचा. मापकानें टिपलेली माहिती आपल्या मनगटावरच राहत नाहीं. ती मोबाईलमार्गें कंपनीच्या संग्रहांत जाते. स्ट्राव्हा नांवाच्या कंपनीनें लोकांच्या धांवण्याच्या वाटा दाखविणारा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हां त्यावरून सैनिकांच्या तळांचाही पत्ता लागतो, असें जानेवारी २०१८ मध्यें उघडकीस आलें. सैनिकांची ही गत, तर रोज ठराविक वेळीं ठराविक रस्त्यानें फिरावयास जाणाऱ्या मुलीची वाट परक्यास कळणें किती सोपें आहे, याचा पालकांनीं विचार करावा, व आपली वाट इतरांस दिसूं नये अशी योजना मोबाईलमध्यें प्रथमच करून ठेवावी.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. मित्रमंडळींत पावलांची चढाओढ लागली म्हणजे जाग्यावर बसून हात हलवावा व आंकडा फुगवावा, अशी युक्ति कांहीं मुलें काढितात. परीक्षेंत दुसऱ्याच्या पाटीवर पाहून लिहिणारा निदान शिक्षकास तरी फसवितो; हा गडी स्वतःच्या हृदयालाच फसवावयास निघतो, आणि हृदय कांहीं फसत नाहीं.

शेवटीं, ज्यांच्यापाशीं मापक आहे त्यांनीं तो कसा वापरावा तें थोडक्यांत सांगतों. पहिल्या आठवड्यांत आपली राहणी मुळींच न बदलतां रोजचीं पावलें वहींत स्वतःच्या हातानें लिहावीं व त्यांची सरासरी काढावी. दुसऱ्या आठवड्यापासून त्या सरासरींत रोज एक हजार पावलांची भर घालावी. तें अंगवळणीं पडल्यावर आणखी एक हजार. सकाळीं अंथरुणावरून उठण्यापूर्वींची नाडी आठवड्यांतून दोनतीन वेळां नोंदावी. प्रौढ मनुष्याची विश्रांतीच्या वेळची नाडी बहुधा मिनिटास ६० ते १०० असते, आणि नियमित व्यायामानें ती हळूहळू उतरते. ताप आला किंवा झोंप अपुरी झाली तर चढते. उष्मांकांचे व झोंपेच्या प्रकारांचे आंकडे केवळ करमणुकीपुरते वाचावे. आणि आठवड्यांतून एक दिवस मापक पेटींत ठेवून फिरावयास जावें, म्हणजे तो नसतांही आपले पाय चालतात कीं नाहीं हें कळेल.

ज्यांच्यापाशीं मापक नाहीं, त्यांचें कांहीं अडलेलें नाहीं. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशीं उजव्या हाताचीं दोन बोटें हलकेच टेंकवावीं, भिंतीवरील घड्याळाकडे पाहून तीस सेकंदांचे ठोके मोजावे व त्यांची दुप्पट करावी. ही नाडी झाली. चालतांना एक मिनिटाचीं पावलें मोजावीं. तीं शंभर भरलीं म्हणजे आपली चाल मध्यम श्रमाची आहे असें समजावें. अशा चालीनें दहा मिनिटें चाललें कीं एक हजार पावलें झालीं. याला लागतें काय? दोन बोटें, एक घड्याळ, एक वही आणि रोज त्याच वेळीं घराबाहेर पडण्याचा निश्चय. यांपैकीं पहिल्या तीन गोष्टींची जागा मापक घेऊं शकतो. चौथी वस्तु अद्यापि कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. ती ज्याची त्यानेंच रोज सकाळीं नव्यानें कमवावी लागते.